जोडव्याचं बोट

जिवाणू औषधांना दाद का देत नाहीत, हे मी धाराशिवच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवते. ते एकत्र जमतात, स्वतःभोवती चिकट थर करतात आणि आत निवांत बसतात. पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत लागतं ना, तसलाच थर. आईच्या पायाच्या बोटावर तो धरला, तेव्हा मला वाटलं, हा तर आपलाच विषय.

आईला साखरेचा त्रास. पाय बधिर झालेले, त्यामुळं जोडवं रुतून जखम झाली तरी तिला पत्ता नाही. तपासणीत बहुतेक औषधं निकामी ठरली. सोलापूरच्या डॉक्टरांनी जोडवं उतरवलं, जखम खरवडून साफ केली आणि चांदीच्या नॅनोकणांची पट्टी बांधली. म्हणाले, "तीन-तीन दिवस हात लावायचा नाही. थर पुन्हा धरला तर बोट काढावं लागेल."

अणदूरला घरी आल्यावर मी आईची शिकवणीच घेतली. डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक चांदीचे कण, ते थरात शिरतात, जिवाणूंना मारतात. ती "व्हय, व्हय" करत मन लावून ऐकत होती. मी खूश.

दर तीन दिवसांनी जाऊन मी पट्टी बदलायची. जखम काही भरेना, उलट वास यायला लागला. एका रविवारी न कळवता सकाळीच पोचले. आई देवापुढं बसलेली. पट्टी कुंकवाच्या करंड्याशेजारी, आणि जोडवं जरा फाकवून त्याच बोटात.

"आई! हे काय चाललंय?"

"अगं, पूजेपुरतंच. तुझे वडील धडधाकट बसलेत अन् म्या मोकळ्या बोटानं दिवा लावू? झालं की तीच पट्टी परत बांधते. चांदी काय शिळी होती व्हय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नको ते बोलले. बोट जाईल, म्हणाले.

"जाऊ दे," ती म्हणाली. "त्यांना काय झालं तर?"

मला तिचा राग आला होता, आणि इतक्या दिवसांत तिला 'जोडवं काढलं, चालेल का?' एवढा साधा प्रश्न विचारला नाही म्हणून स्वतःची लाजही वाटली.

ओसरीवर चहा पीत बसलेले वडील आत आले. खाली बसले आणि तिचा पाय हातात घेतला. तिनं झटकन ओढून घेतला. "अवो, पाय नका धरू! पाप लागंल मला."

"लागू दे." त्यांनी पाय पुन्हा धरला आणि जोडवं काढून खिशात टाकलं. "मी काय इतक्यात मरत न्हाय." मग माझ्याकडं बघून, "नवी पट्टी बांध गं."

डॉक्टरांनी जखम पुन्हा खरवडली. आता पट्टी जागची हलली नाही. भरायला लई दिवस लागले, पण बोट वाचलं. जोडवं वडिलांनी परत दिलं नाही, तिनंही मागितलं नाही. फक्त रोज पूजा झाली की ती ओसरीवर डोकावते. वडील पेपर वाचत असतात.

"हाय की," ते मान वर न करता म्हणतात.