आवक क्रमांक दोनशे अकरा

श्रीकांत कडूंच्या घरात कागद नुसता येत नाही, त्याची आवक होते. विजेचं बिल असो, मुंजीचं आमंत्रण असो, नाहीतर केळीच्या खतांची जाहिरात. दाराच्या फटीतून आत आलं की कडू निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर उघडतात, क्रमांक टाकतात, तारीख टाकतात, कुणाकडून आलं ते लिहितात आणि पाकीट फेकून न देता पत्राच्या मागे टाचून ठेवतात. वाचायचं काम त्यानंतरचं. नेपानगरच्या कागद गिरणीत चौतीस वर्षं टाइम ऑफिसात काढलेला माणूस, त्याला दुसरं सुचणार तरी काय? भोंगा होऊन गेल्यावर आलेल्याचा अर्धा दिवस ते बिनदिक्कत कापत. एकदा सख्ख्या साडूचा कापला, तर बायकोची, म्हणजे उषाताईंची, बहीण दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. कडूंना त्याचं आजही काही वाटत नाही. उशीर तो उशीर.

निवृत्तीनंतर दोघं गिरणीचं क्वार्टर सोडून बुऱ्हाणपुरात बुधवारा भागात राहायला आले. घर छोटं, पण दाराशी सात पायऱ्या, आणि तोवर उषाताईंचे दोन्ही गुडघे गेलेले. गेल्या वर्षी एप्रिलात जळगावला एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऐनवेळी सत्तर हजार कमी पडले, तेव्हा बँकेनं पेन्शन खात्याबरोबर गळ्यात घातलेलं क्रेडिट कार्ड कडूंनी पहिल्यांदाच खिशातून बाहेर काढलं. दुसऱ्या गुडघ्यासाठी दोघांच्या नावावर एक मुदत ठेव होती, तिला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली. तोवर उषाताई एका नव्या आणि एका जुन्या गुडघ्यावर पायऱ्या चढत होत्या. चौथ्या पायरीवर थांबायच्या, कठडा धरून श्वास घ्यायच्या, आणि वर पोचल्यावर काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं चहा टाकायच्या.

कार्डाचं बिल दर महिन्याला टपालानं येई, कारण कडूंनी तसं लिहून दिलं होतं. बिलावर दोन आकडे असत, एक मोठा आणि एक लहान. कडूंना त्यात नवल वाटलं नाही. गिरणीच्या पतपेढीच्या चिठ्ठीवरही दोनच आकडे असायचे: एकूण बाकी आणि या महिन्याची कपात. कपात गेली की माणूस चोख, कर्ज आपोआप उतरत जाई. कडूंनी इथेही तेच धरलं. दर महिन्याच्या तीन तारखेला ते बँकेत रांगेत उभे राहून लहान आकडा भरत आणि ताठ मानेनं घरी येत. चौदा महिन्यांत एकदाही चुकले नाहीत. गिरणीतला कुणीही माणूस हेच करून बसला असता.

जुलैचं बिल आलं आणि मोठा आकडा जूनपेक्षा वाढलेला दिसला. दोन वेळा चष्मा पुसून झाला. मग ते बिल घेऊन कोपऱ्यावरच्या ललितच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात गेले. ललितनं बिल वरपासून खालपर्यंत वाचलं, कडूंना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि मगच बोलला.

"काका, ही किस्त नाही. हे मिनिमम आहे. एवढं भरलं तर बस लेट फी नाही लागत. ब्याज तर पूर्ण रकमेवर चालूच राहतं ना."

चौदा महिन्यांत सेहेचाळीस हजार भरले होते, आणि सत्तर हजारांतले आठसुद्धा धड उतरले नव्हते. त्यात जूनपासून बँकेनं व्याजाचा दर वाढवलेला, आणि कुठल्याशा विम्याचे दर महिन्याला सहाशेच्या आसपास लागत होते. तो विमा कसला, कुणी मागितला, कडूंना ठाऊक नव्हतं. ललित म्हणाला की सगळी बाकी एकदम भरून मोकळं होणं बरं. एकदम म्हणजे मुदत ठेव. मुदत ठेव म्हणजे गुडघा.

पंधरा दिवस कडूंनी घरात ब्र काढला नाही. जेवताना भाजीत मीठ नसलेलं त्यांना कळलं नाही, तेव्हाच उषाताईंना शंका आली होती. आयुष्यभर लोकांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, आणि आपली चूक दाखवायची वेळ आली तर हात उचलेना. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. रोज उषाताई चौथ्या पायरीवर थांबल्या की कडू खिडकीतून तोंड फिरवायचे.

पण ठेव दोघांच्या नावावर होती, मोडायला दोघांची सही हवी होती. शेवटी एका दुपारी त्यांनी फॉर्म उषाताईंसमोर ठेवला आणि जिथे सही करायची तिथे पेन्सिलनं फुली मारून दिली.

उषाताईंनी फुलीकडे पाहिलंच नाही. आधी सांगा, मग सही, म्हणाल्या. मग कडूंनी सगळं सांगितलं, लहान आकड्यापासून विम्यापर्यंत, खाली मान घालून. सांगून झालं तरी त्या रागावल्या नाहीत, आणि ते कडूंना जास्त लागलं. त्यांनी फक्त विचारलं, व्याज वाढवताना बँकेनं आपल्याला कळवायचं नसतं का? कडू म्हणाले, कळवलं होतं, पत्र आलेलं आहे, चार पानी इंग्रजी होतं, फाइलला लावून टाकलं.

"कधी आलं?"

"आवक क्रमांक दोनशे अकरा. तेवीस जून."

"आणि व्याज कधीपासून वाढलं?"

"एक जू..." कडू थांबले.

ते उठले, फाइल आणली. पत्रावर तारीख होती अठ्ठावीस एप्रिल. मागे टाचलेल्या पाकिटावर टपालाचा शिक्का होता एकोणीस जूनचा. रजिस्टरात त्यांच्याच अक्षरात तेवीस जून. कडूंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि एकेका तारखेवरून बोट फिरवलं. त्यांचा वाकलेला कणा हळूहळू सरळ होताना उषाताईंना दिसला.

"बावीस दिवस लेट," कडू म्हणाले.

संध्याकाळी ते पुन्हा ललितच्या दुकानात होते, पण या वेळी स्टुलावर बसले नाहीत. ललितनं नियम काढून दाखवला: दर वाढवायचा तर महिनाभर आधी कळवावं लागतं, आणि विमा माणसानं स्वतः होकार दिल्याशिवाय लावता येत नाही. तक्रार लिहिली गेली. सोबत पाकीट, पत्र आणि रजिस्टरचं पान जोडलं. ललितनं ईमेल केला. कडूंनी तेच सगळं पोचपावतीसह रजिस्टर्ड टपालानंही धाडलं, कारण ईमेलवर शिक्का नसतो.

बँकेचं उत्तर आलं की मोबाइलवर संदेश पाठवला होता. ललितनं कडूंचा फोन खालीवर चाळला; मृणालनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, पाठवलेल्या नातवाच्या फोटोंशिवाय त्यात काही नव्हतं. दुसरं पत्र वरच्या अधिकाऱ्याला गेलं. त्यात कडूंनी दोनच गोष्टी मागितल्या: संदेश पाठवल्याचा पुरावा आणि विम्यावरची माझी सही. महिन्याभरात दाखवा, नाहीतर बँकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जातो, असं खाली नम्रपणे लिहिलं.

ते दिवस वाईट गेले. बँकेनं नाहीच म्हटलं तर? ठेव मोडायचा फॉर्म देवघराच्या फळीवर तसाच पडून होता आणि पेन्सिलची फुली अजून पुसली नव्हती. डॉक्टरांकडून तारीख पक्की करायला दोनदा फोन आला, दोन्ही वेळा उषाताईंनीच कळवतो म्हणून सांगितलं.

सव्विसाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. पलीकडच्या बाई हिंदीत अदबीनं बोलत होत्या. वाढीव व्याज परत, विम्याचे सगळे पैसे परत, कार्ड कुठलाही आकार न घेता बंद. उरलेल्या बाकीचे, हवे असतील तर, कमी व्याजानं चोवीस हप्ते पाडून देऊ. कडूंनी त्यांना चार वेळा विचारलं की हे हप्ते संपतात ना. त्या म्हणाल्या, हो काका, चोविसावा भरला की खतम. हप्ता त्या लहान आकड्यापेक्षाही कमी होता. चौदा महिने गेले ते गेले, त्या व्याजातलं काही परत मिळणार नव्हतं. ती चूक कडूंची होती आणि त्यांनी ती कबूल केली. पण ठेव वाचली.

कडूंनी फोन ठेवला. उषाताईंनी काय झालं म्हणून विचारलं. कडूंनी फळीवरचा फॉर्म काढला, दोन तुकडे केले आणि त्यांच्या हातात दिले. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात उषाताईंनी त्यांना कागद फाडताना पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कडूंच्याही आलं, आणि मग दोघांनाही हसू फुटलं. संध्याकाळी ललितच्या घरी बुऱ्हाणपुरी मिठाई, पावभर दराबा, गेली.

दिवाळीनंतर जळगावहून परत आल्यावर वॉकर बाजूला ठेवायला महिना लागला. एका सकाळी उषाताई सावकाश खाली उतरल्या, भाजी घेतली आणि सातही पायऱ्या न थांबता चढून आल्या. कडू खिडकीत होते. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. चौथी पायरी मागे पडली तेव्हा त्यांचाच श्वास अडकला होता.

उषाताईंनी भाजीची पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, बघत काय बसलात? रजिस्टरात नाही घ्यायचं का?"

कडूंनी खरंच निळं रजिस्टर उघडलं. क्रमांक टाकला, तारीख टाकली. कुणाकडून या रकान्यात जळगाव लिहिलं, तपशिलात लिहिलं, सौ. उषा कडू, दोन्ही गुडघ्यांसह. शेरा लिहायच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. मग त्यांनी लाल शाईचं पेन शोधून काढलं आणि टाइम ऑफिसात फार थोड्यांच्या वाट्याला आलेला शब्द लिहिला: वेळेवर.