फळीवरचं खोकं

यंगजूच्या बाजारात माझं खारवलेल्या बांगड्यांचं दुकान आणि शेजारी ओकबुनअक्काचं. ती कुट्टूचं पीठ शिजवून त्याच्या मऊ वड्या पाडायची. मुक म्हणतात त्याला. बाई तोंडाची फटकळ. आमचं रोज भांडण आणि रोज एका ताटलीत जेवण.

तिचा थोरला संगचल सैन्यात गेला तो परत आला नाही. बर्फाच्या घाटात ट्रक उलटला. आमच्याकडे सैन्यात जाणं कुठल्या मुलाला चुकत नाही. कधी जायचं, एवढंच त्याच्या हातात. संगचलला शाळा संपताच दोस्तांबरोबर जायचं होतं. अक्काने अडवलं, आधी कॉलेजात नाव घाल म्हणाली. दोस्त जाऊन धडधाकट परत आले, पुढे त्यांची लग्नं झाली, आता टकलंही पडलीत. संगचल मागाहून एकटा गेला. घाटाने नाही, आपल्या हट्टाने पोराला मारलं, हे तेव्हापासून अक्काच्या डोक्यात पक्कं बसलं.

पुढे धाकट्याचा संसार मोडला आणि त्याचा मुलगा इनहो अक्काच्या पदरात आला. त्याची शाळा संपली, तेगूच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. बहुतेक मुलं वर्षभर शिकून मग सैन्यात जातात, त्याचाही तोच बेत. दर शनिवारी येईन, तुझी पातेली घाशीन, असं तो आजीला सांगत होता. अक्का ऐकेना. मी सांगून पाहिलं, त्याच्या मास्तरांनी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

एका दुपारी गिऱ्हाइकांसमोरच तिने सुरी खाली ठेवली.

"आधी जा. जाऊन ये, मग हवी तेवढी वर्षं शिक."

"आजी, आधी काय नि नंतर काय, काय फरक पडतो?"

"तुला नाही पडत. मला पडतो. एकदा नंतर पाठवून बसलेय मी."

त्याच आठवड्यात इनहोने सैन्यात नाव नोंदवलं, आणि बोलावणं येताच डोकं भादरून गेला.

छावणीत शिरलं की मुलांचे अंगावरचे कपडे आणि बूट खोक्यात घालून घरी पाठवतात. खोकं आलं की इथली प्रत्येक आई ते उघडते आणि शर्टात तोंड खुपसून रडते. अक्काने उघडलंच नाही. "संगचलचं उघडलं होतं," म्हणाली, "कपडे धुऊन, घड्या घालून ठेवले. घालायला कोण आलं? हे आता तोच उघडेल, सुटून आल्यावर." खोकं दुकानातल्या वरच्या फळीवर गेलं. त्यात काय आहे, असं कुणी विचारलं की "माझा नातू" म्हणायची आणि मुक कापत राहायची.

गणवेशातला नातू तिला बघवत नसे. म्हणून रजेवर आला की इनहो आधी माझ्याकडे शिरायचा, माझ्या मुलाचे कपडे चढवायचा आणि बांगड्यांचा वास घेऊन तिच्यापुढे उभा राहायचा. "सैन्यात मासे धरायला ठेवलंय का रे तुला?" ती विचारायची. तिला सगळं ठाऊक होतं.

त्याच्या सुटकेला थोडेच दिवस उरले होते. मुक ढवळता ढवळता अक्का खाली बसली, ती उठलीच नाही.

इनहो धावतपळत आला, गणवेशातच. अंत्यदर्शनाच्या खोलीत अक्काचा फोटो मांडला होता. तो दारातच थबकला.

"काकी, असा कसा जाऊ तिच्यापुढे?"

सुतकाचे काळे कपडे त्याच्यासाठी ठेवले होते, तेही घेईना. मग मी बाजारात गेले आणि खोकं घेऊन आले.

"अजून सुटलो नाही मी," तो म्हणाला.

"घरी आलास ना? उघड."

शर्ट खांद्यांना होईना, वरची बटणं लागेनात. तसाच आत गेला आणि रीतीप्रमाणे दोनदा जमिनीला डोकं टेकवलं. दुसऱ्यांदा उठायला फार वेळ लावला. मग तिथेच बसून हळू म्हणाला, "आधी कॉलेजात गेलो असतो तर दर शनिवारी भेटलो असतो तिला."

अक्काला माती देऊन तो पुन्हा गणवेश चढवून बसने गेला. त्याचा शर्ट मी धुतला नाही. घडी घालून खोक्यात ठेवला, नवी चिकटपट्टी लावली आणि खोकं माझ्या दुकानात बांगड्यांच्या वरच्या फळीवर ठेवलं. गिऱ्हाइकं आता मला विचारतात, त्यात काय आहे म्हणून.