कानातलं आडवं भात

मधुकर परबचे वडील कापडगिरणीतल्या मागांच्या खडखडाटात बहिरे झाले. मधुकर स्वतः जोगेश्वरीत मिरवणुकांना साउंड सिस्टीम भाड्याने द्यायचा. अलीकडे त्याच्या सिस्टीमचा आवाज गल्लीला कर्कश वाटे. त्याला मात्र तो दबलेला वाटे, म्हणून दर वर्षी तो ट्रेबल, म्हणजे टिपेचे बारीक स्वर, आणखी चढवी. वॉशिंग मशीन पीप-पीप करून थकलं तरी याला पत्ता नसतो, अशी बायकोची, रुक्मिणीची तक्रार होती.

"माका सगळा ऐकू येता," तो म्हणे.

मुलगी जान्हवी पेशींचं भौतिकशास्त्र शिकत होती. प्रयोगशाळेत बेडकाच्या कानातल्या पेशींवर तिचं काम चाले. तिनेच त्याला कानाच्या तपासणीला नेलं. बंद केबिनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं होतं. तो दाबतच राहिला.

तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "मी अजून काही लावलेलंच नाही."

त्याला ऐकू येत होती ती शिट्टी त्याच्या कानातलीच होती.

घरी जान्हवीने त्याला समजावलं. कानातल्या पेशीच्या डोक्यावर ताठ काड्यांचा झुबका असतो. शेजारशेजारच्या काड्या बारीक धाग्याने बांधलेल्या असतात. आवाजाने काड्या कलल्या की धागा ताणतो, पेशीचा इवलासा दरवाजा उघडतो, विद्युतभारित कण आत घुसतात आणि मेंदूला कळतं. एवढंसं हलणं पुरतं. त्यावर भिंत हादरवणारा आवाज आदळला की काड्या मोडतात आणि पेशीच मरते.

गावी वादळानंतर आडवं झालेलं भात मधुकरने पाहिलं होतं.

"परत उगवत नाय?"

"माणसात नाही, बाबा."

त्याने विचारलं, "नि माझ्या स्पीकरच्या बॉक्सापुढे नाचतात त्यांचां काय?"



विसर्जनाला त्याने आवाज निम्म्यावर ठेवला. मंडळाच्या सौरभने हसत हसत बटण पुन्हा शेवटपर्यंत फिरवलं. बॉक्सच्या तोंडाशी एकाच्या खांद्यावर वर्ष-दीड वर्षाचं पोर होतं. ते कानांवर हात दाबून रडत होतं आणि बाप नाचत होता. मधुकर ओरडला, पण कुणाला ऐकू गेलं नाही. त्याने जनरेटर बंद केला.

माणसं त्याच्याभोवती जमली. तोंडं हलत होती, पण शब्द त्याला धड लागत नव्हते. सौरभने त्याला बाजूला ढकललं आणि जनरेटर परत सुरू केला.

पुढच्या वर्षी मंडळाने मालाडहून दुसरा साउंड आणला, दुप्पट मोठा. मधुकर घरीच होता. मिरवणूक गल्लीत वळली, तेव्हा खिडकीच्या काचा थरथरू लागल्या.