पावण्याची गाडी

ऑगस्टचा शेवटचा सोमवार. गणपती तोंडावर आले होते आणि ठाण्याच्या आवारात पडून असलेल्या जप्त गाड्यांभोवतीचं गवत काढायचं काम मी सकाळपासून लावून घेतलं होतं. नोकरीतल्या बऱ्याच तपासांचे तपशील आता एकमेकांत मिसळतात. त्या सोमवारी सुरू झालेला तपास मात्र जसाच्या तसा लक्षात आहे. मी तेव्हा आंबेगाव तालुक्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. आता निवृत्त होऊन जुन्नरला राहते. त्यातली माणसं अजून इथेच नांदतात, म्हणून नाव कुणाचंच देत नाही.

गवत काढणं चालू असताना एका खबऱ्याचा फोन आला. शिनोलीत एका घरी पांढरी सात सीटर आली होती. वापरलेली, पण चकचकीत, आणि बाजारात तशी गाडी मिळत नाही इतक्या कमी भावात. हा खबरी स्वतः तसलीच गाडी शोधत होता आणि त्याला ती परवडत नव्हती, हे मला ठाऊक होतं. खबर देणाऱ्याच्या मनात न्याय क्वचितच असतो, बहुधा हेवा असतो. पण हेव्यातून आलेली खबर सहसा खरी निघते.

नंबर तपासला. रंग, मॉडेल, सगळं नोंदीशी जुळत होतं. तरी मी दुपारी शिनोलीला गेले.

घरमालक पन्नाशीचा. डोंगराकडेला भातशेती आणि घोडेगावातल्या एका शाळेत शिपायाची नोकरी. आई गुडघ्यांनी अधू, तिला एसटीची पायरी चढवत नाही. म्हणून गाडी घेतली. त्यानेच हौसेने ती दाखवली. दरवाजा एका चावीने उघडला आणि सुरू करायला दुसरी चावी काढली. दिसायला दोन्ही सारख्याच. दोन कशाला, म्हणून विचारलं.

"डबल सेफ्टी हाय मॅडम. चोराला एक घावली तरी दुसरी नाय घावायची."

त्याची त्या बोलण्यावर पूर्ण श्रद्धा होती. कारखान्यातून निघालेली गाडी दारालाही आणि स्टार्टरलाही एकच चावी घेते. दोन लागतात तेव्हा कधीतरी एक कुलूप तोडून बदललेलं असतं. मी सीटबेल्ट पूर्ण ओढून बघितले. बेल्टच्या बुडाशी शिवलेल्या पट्टीवर तो बनल्याचं साल असतं. कागदावरच्या गाडीपेक्षा सगळे बेल्ट नंतरच्या सालातले होते. एखादा बेल्ट बदलला असं समजू शकते, सगळे कोण बदलतं? काचांवरचे नंबर खरवडलेले होते आणि चासीवरचे आकडे हाताने ठोकल्यासारखे वरखाली. जप्तीचा पंचनामा केला आणि त्या माणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं.

गाडी एका अनोळखी माणसाकडून आठवडे बाजारात घेतली, असं तो सांगू लागला. मी त्याला तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. दर खेपेला त्या अनोळखी माणसाचा शर्ट बदलत होता. मी त्याला सरळ समजावलं. विकणाऱ्याचं नाव सांगितलं तर तुम्ही फसवले गेलेले साक्षीदार. नाही सांगितलं तर चोरीचा माल बाळगणारे आरोपी, आणि मग शाळेतली नोकरीही जाईल.

"जाऊ द्या नोकरी," तो म्हणाला. "माझं काय व्हायचं ते व्हऊ द्या."

शिपायाची कायम नोकरी अशी सोडून द्यायला निघालेला माणूस स्वतःला वाचवत नसतो. त्याला आणखी विचारण्यात अर्थ नव्हता. मी एका महिला हवालदाराला घेऊन परत शिनोलीला गेले.

घरात त्याची बायको होती. तिने चहा टाकला. आमच्या भागात गाडी दारात आली की आधी पूजा होते, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ, आणि ज्याने गाडी मिळवून दिली त्याला टॉवेल-टोपी घालून मान देतात. गाडी कोणी विकली हे मी तिला विचारलंच नाही. पूजेला टॉवेल-टोपी कोणाला घातली, एवढंच विचारलं.

"लोणीच्या पावण्यांना. पोरीच्या थोरल्या दिरालाच की," ती म्हणाली. "त्यांचा मान व्हता." मग तिच्या लक्षात आलं आणि ती चुलीकडे वळली.

मुलीची सोयरीक लोणीला ठरली होती, लग्न दिवाळीनंतर होतं. नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ जुन्या गाड्यांची देवघेव करायचा. बाप का गप्प होता ते कळलं. नाव घेतलं तर लग्न मोडणार, आणि मोडलेलं लग्न आपल्याकडे मुलीच्याच नावावर लागतं. मी ठाण्यात परतून नाव घेतलं तेव्हा त्याने नाकारलं नाही. गाडी घेताना कागद नीट का पाहिले नाहीत, असं विचारल्यावर त्याने मलाच उलट विचारलं. "पावण्याला कागद मागायचे व्हय मॅडम? मंग सोयरीक कसली?" हाच माणूस बाजारात बैल घेताना दात मोजतो, चालवून बघतो, दुपारभर घासाघीस करतो. इथे त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं.

लोणीचा थोरला भाऊ बोलावल्यावर लगेच आला. कडक इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. आपण फक्त ओळख करून दिली, गाडीला कधी हातही लावला नाही, असं त्याने लिहून दिलं. मी पंचांना आवारात उभं केलं, दोन्ही चाव्या त्याच्या हातात ठेवल्या आणि गाडी उघडून सुरू करायला सांगितली. त्या चाव्या ओळखताना माझी स्वतःची दोनदा गफलत झाली होती. त्याने बोलता बोलता, हाताकडे न बघता, एकीने दार उघडलं आणि दुसरीने गाडी सुरू केली. इंजिन चालू झालं आणि त्याचं बोलणं थांबलं. एका चक्काचूर झालेल्या गाडीचे कागद भंगारातून घेऊन त्याने ते चोरीच्या गाडीला लावले होते. संध्याकाळपर्यंत गाडी पुरवणाऱ्यांची नावंही मिळाली.

राहिला बापाचा जबाब. तो अजूनही सही करायला तयार नव्हता. आईचा फोन गेल्यामुळे मुलगी घोडेगावहून थेट ठाण्यात आली. ती तिथे औषधाच्या दुकानात कामाला होती. मी तिला काहीच सांगितलं नाही, ती बापाशेजारी बाकावर बसली.

"सही करा अण्णा," ती म्हणाली.

"तुला कळतंय का काय व्हईल ते?"

"कळतंय. ज्या घरात तुमी कागद मागू शकत नाय, त्या घरात मी काय मागणार?"

अण्णांनी सही केली. त्यांचं नाव साक्षीदारात गेलं, नोकरी राहिली. गाडी मूळ मालकाकडे जाणार होती आणि त्यांचे पैसे बुडाल्यासारखेच होते, हे मी त्यांना त्याच बाकावर सांगून टाकलं. खोटी आशा दाखवली की माणूस पुढे वर्षानुवर्षं ठाण्याच्या खेपा घालत राहतो.

लोक आजही मला विचारतात, बजेट थोडं आहे, घरच्यांसाठी वापरलेली कोणती गाडी घेऊ. कंपनीचं नाव मी सांगत नाही. दिवसाउजेडी बघा, इंजिन थंड असताना सुरू करून बघा, बेल्टवरचं साल वाचा, काचांवरचे आणि चासीचे नंबर कागदाशी ताडून बघा, कर्ज बाकी आहे का विचारा, मिस्त्री आपला न्या. आधी नावावर करा, मग नारळ फोडा. आणि हे सगळं परक्यापेक्षा नातेवाइकाच्या बाबतीत जास्त करा. परका फसवतो तेव्हा तक्रार करायला माणूस धावत येतो. नातेवाईक फसवतो तेव्हा फसलेलाच त्याच्यासाठी खोटं बोलतो. मला या तपासाने शिकवलं ते एवढंच. गप्प बसलेला प्रत्येक जण गुन्हेगाराच्या बाजूचा नसतो, पण गुन्हेगाराचं काम त्याच्या गप्प बसण्यावरच चालतं.

त्या संध्याकाळी निघताना मुलगी माझ्या टेबलापाशी थांबली होती. "त्यांना म्हाईत व्हतं का, मॅडम?" तिने विचारलं. त्यांना म्हणजे नवऱ्या मुलाला. मी म्हटलं, अजून त्याला विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोणीला जाऊन धाकट्या भावाचा जबाब घेतला. गाडी कुठली ते माहीत होतं का, हा पहिला प्रश्न.

"व्हतं," तो म्हणाला. "भाऊ म्हणला, घरातली गोष्ट हाय, घरात राहू दे."

मी ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं, वाचून दाखवलं, त्याची सही घेतली. मग जीपमध्ये बसून शिनोलीला फोन लावला. फोन मुलीनेच उचलला. तपासातलं काही तिला सांगितलं नाही. लग्नाचा बस्ता बांधू नका, एवढंच म्हणाले.