सरजाबाईच्या घरचे बुटुंगे

सरजाबाई झरीला नांदायला आली, त्याच आठवड्यात तिच्या लाल लुगड्याचा रंग सासऱ्यांच्या पांढऱ्या धोतराला लागला. गुलाबी झालेलं धोतर हातात धरून ती उभी राहिली. सासू पार्वतीबाई तोंड उघडणार, तोच नवरा आश्रुबा गंभीरपणे म्हणाला, "तिला बोलू नको, माय. हे बुटुंग्यांचं काम हाय. उतरंडीमागं राहत्यात. बटणं खात्यात, रंग कालवत्यात."

पार्वतीबाईंना हसू आवरलं नाही. तेव्हापासून त्या घरात बटण तुटो की टॉवेल हरवो, बोल बुटुंग्यांनाच लागायचा.

बहात्तरच्या दुष्काळात आश्रुबा औरंगाबादला कामाला गेला आणि तिथंच एका कारखान्यात चिकटला. वर्षातून दोनदा यायचा, इस्त्रीच्या कपड्यांत, मोजकंच बोलायचा.

एका पोळ्याला तो आला, तेव्हा सरजाबाईनं त्याचा सदरा धुतला, वाळवला आणि त्याचं एक बटण दातानं तोडून कनवटीला खोचलं.

निघायच्या दिवशी सदरा घालताना तो म्हणाला, "बटण गेलंय एक."

ती वाट पाहत राहिली. शेवटी तिनंच विचारलं, "कुणी नेलं असंल?"

"तुटलं असंल. तिकडं लाँड्रीवाला लावून देतो," म्हणत त्यानं पिशवी उचलली आणि यष्टी गाठली.

दारात उभ्या सुनेच्या पाठीवर पार्वतीबाईंनी हात ठेवला. "लय दिसांनी आले गं बुटुंगे," त्या म्हणाल्या.

सरजाबाईनं कनवटीचं बटण काढून सासूच्या तळहातावर ठेवलं. मग दोघी सडकेवरचा धुरळा खाली बसेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.