पितृपक्षात अडकलेली पॉलिसी

माझ्या नवऱ्याचे मामा ठाण्यात खोपटला राहतात आणि अख्ख्या घराण्याचे विमे तेच उतरवतात. मी डोंबिवलीत दातांचा दवाखाना काढला तेव्हा मामा शुभेच्छा द्यायला आले ते पॉलिसी घेऊनच. पेशंटने डॉक्टरवर दावा ठोकला तर वकील आणि भरपाई कंपनीने बघायची, असा तो विमा. दर वर्षी मी मामांकडे हप्ता पाठवायची आणि निर्धास्त व्हायची.

दोनेक वर्षांपूर्वी ठाकुर्लीच्या एका निवृत्त शिक्षिकेची अक्कलदाढ मी काढली. दाढ निघाली, पण खालच्या ओठाचा एक कोपरा बधिरच राहिला. असं क्वचित होतं, बहुतेकदा काही महिन्यांत सुधारतं, आणि हे मी त्यांना आधी सांगितलंही होतं. पण चहा हनुवटीवरून साडीवर ओघळायला लागला की आधी सांगितलेलं कुणाला आठवतं? एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, "नोटीस पाठवतोय, डॉक्टर."

मी लगेच मामांना फोन लावला. "मामा, कंपनीला कळवा. दावा येतोय."

"पॉलिसी गेल्या आठवड्यात संपली गं," मामा शांतपणे म्हणाले.

"संपली? पैसे तर मी केव्हाच पाठवलेत!"

"अगं, पितृपक्ष लागलाय ना. या दिवसांत नवीन काही करत नाहीत. घटस्थापनेला पहिली पॉलिसी तुझीच काढतो."

"मामा, नूतनीकरण आहे ते! जुनंच काम पुढे चालवायचंय!"

"पण या दिवसांत भांडायला येतंय कोण?"

"पितर येतात ना जेवायला? मग पेशंट का नाही येणार?" मी ओरडले आणि फोन आपटला. या विम्याची मेख अशी, की तक्रार येते त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. माझ्यावरची तक्रार नेमकी दोन पॉलिसींमधल्या रिकाम्या जागेत येऊन बसली होती.

त्याच दिवशी मी स्वतः ऑनलाइन अर्ज भरला. 'पूर्वीची काही तक्रार आहे का?' या प्रश्नापुढे मामांनी फोनवरून 'नाही' सुचवलं. मी 'होय' लिहिलं. झालं, कंपनीची चौकशी सुरू झाली, आणि नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत चिमट्याला हात लावायचा माझा धीर होईना. दाढ काढायला आलेल्यांना गोळ्या द्यायच्या आणि सांगायचं, "पक्ष संपू दे, मग काढू." गंमत म्हणजे सगळ्यांना पटायचं. एक आजोबा तर सुजलेला गाल धरून म्हणाले, "बरं वाटलं डॉक्टर, हल्ली पाळतंय कोण!" हे मामांना कळू नये म्हणून मी घरात चकार शब्द काढला नाही.

एरवी या पॉलिसीत आणखी एक अट असते. कंपनीला विचारल्याशिवाय कुणापुढे काही कबूल करायचं नाही. त्यामुळे पेशंट तक्रार घेऊन आला की आम्ही डॉक्टर मिठाची गुळणी धरून बसतो. पण माझ्यामागे आता कंपनीच नव्हती, विचारणार कुणाला? शेवटी रविवारी मी एकटीच ठाकुर्लीला गेले. दवाखान्याचं कर्ज डोळ्यांसमोर नाचत होतं.

दार बाईंनीच उघडलं. "नोटीस नाही ना आली? मीच मुलाला म्हटलं, पितृपक्षात नको." म्हणजे मामा बरोबर निघाले! त्याही स्थितीत मला मामांचा राग आला.

चहा पुढे आला. मी कप खाली ठेवला. "बाई, तुम्हाला हा त्रास माझ्या हातून झाला. मला फार वाईट वाटतंय."

बाईंनी स्वतःच्या कपातून एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "मुलासमोर म्हणशील?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी आत हाक मारली.

मुलगा येऊन उभा राहिला. मी तेच पुन्हा म्हटलं.

"ओठ बरा होणार का, तेवढं सांगा," तो म्हणाला.

"होईल असं वाटतंय. पण खात्री नाही देता येत."

तो तापून काही बोलणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "ऐकलंस ना? खोटं नाही बोलली ती. राहू दे आता तुझी नोटीस." त्यांनी ओठाच्या कोपऱ्यातला चहा पदराने टिपला, आणि रडू मला आलं.