टिकटिकवाले भाडेकरू

कुदळीचा पहिला घाव माझ्या शहाबादी फरशीवर बसला, तेव्हा आमचे भाडेकरू खाटेवर मांडी घालून बसले होते आणि काही केल्या खाली उतरत नव्हते. अर्धी गल्ली खोलीत, अर्धी दारात. कुदळ शेजारच्या रहीमचाचांच्या हातात. फरशी फोडायला मीच सांगितलं होतं. खाली पाणी असेल तर फरशी काय चाटायची?

इतका एकटा आणि इतका हट्टी माणूस लातुरात दुसरा आला नसेल. जिल्हा नवा झाला, कचेऱ्या आल्या, त्यांच्याबरोबर हे देगलूरकडून बदलून आले. काम दगड तपासायचं. दगडातून किरणं निघतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ती मोजायचं यंत्र त्यांच्याकडं होतं. जेवणाच्या डब्याएवढं, वर काटा, बाजूला वायरीला जोडलेली नळी. किरण लागलं की आत टिक वाजायचं. लेकरू काखेला मारावं तसं ते यंत्र घेऊन फिरायचे. बाजारात कोथिंबिरीला नळी लावायचे. एकदा माझ्या भाकरीला लावली. मी म्हटलं, "खायची आसंल तर खावा, न्हाईतर ठेवा. चोरीची न्हाई ती." गपचूप खाल्ली. कुणी लग्नाला बोलावलं तर यंत्राला एकटं कसं सोडू म्हणून जायचे नाहीत. आमच्या जमिनीवर मात्र कायम नाराज. "आक्का, तुमचा हा काळा दगड लई अबोल. आमच्या देगलूरचा तांबडा दगड कसा बोलतो! इथं एक टिक झाली की दुसरीपर्यंत माणसानं चहा पिऊन घ्यावा."

त्या वर्षी पाऊस नव्हता. विहिरीत बादली सोडली की तळाचा दगड वाजायचा. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, मीही धरल्या. अशात कुणीतरी डोकं चालवलं, की हे यंत्र जमिनीतलं सांगतं तर पाणीही सांगत असणार. लोक भाडेकरूंना हाताला धरून घरोघर नेऊ लागले. ते सांगून थकले, "आवं, हे पाण्याचं न्हाई." ऐकतो कोण? त्यातच चाचांनी एकदा खिडकीतून पाहिलं: साऱ्या गल्लीत मुकं असलेलं यंत्र ह्यांच्या खाटेखाली भराभर वाजतंय. झालं. पाणी खाटेखालीच!

"उतरो साहब," चाचा म्हणाले. "पानी सबका है."

"इथं पाणी न्हाई."

"फिर ये इत्ता बोलता कायकू?"

मी म्हटलं, "बोला की! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

मग ते उतरले. वाकून त्यांनी खाटेखालचं गोणपाट ओढलं. आत पाटा निघाला. तांबड्या दगडाचा, वाटण वाटून मधे झिजलेला.

"आमच्या कारभारणीचा हाय," ते म्हणाले. "ती गेली. सामानात हा एवढाच आणला. कचेरीतून आलो की नळी लावून बसतो. घरात कुणी काम करायलंय असं वाटतं."

चाचांना खरं वाटेना. त्यांनी पाटा अंगणात नेला. यंत्र तिथं नेलं तर वाजू लागलं. यंत्र एकटंच परत खोलीत आणलं तर मुकं. कुणी हसलं नाही. एक बाई घरून रिकामी घागर घेऊन आली होती, ती उंबऱ्यावरच बसली. चाचांनी फुटलेले तुकडे पायानं दाबून जागच्या जागी बसवले आणि कुदळ घेऊन निघून गेले. भाडेकरूंनी पाटा पदरानं पुसावा तसा धोतराच्या सोग्यानं पुसला.

त्यानंतर त्यांना कुणी घरी नेलं नाही. राग नव्हता कुणाचा, गरज संपली होती. पुढं बदली होऊन ते किनवटला गेले, तिकडंच वारले असं कानावर आलं.

त्या दुष्काळात आमच्या गल्लीतलं कुणी दगावलं नाही. टँकरवर सगळे निभावलो. नंतर वयानं एकेक गेले, चाचाही गेले. त्या दिवशी खोलीत होतो त्यांतली आता मी एकटीच जिवंत आहे.